शाळेच्या व्हॅनचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) तिसऱ्यांदा चोक. साफ करू, बदलू का फोडून टाकू?

व्हॅनवाला_जळगाव | १२ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. लांबलचक होणारे, सांभाळून घ्या, डोकं आउट झालंय.

माझी १३ सीटर डिझेल व्हॅन आहे, बीएस६, २०२१ ची. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर सगळे कंपनीवरच भांडत बसतात आणि माझा प्रश्न राहतो बाजूला. ९६ हजार किलोमीटर झालेत. सकाळ-दुपार शाळेच्या फेऱ्या, पिंप्राळा, खोटेनगर, रिंग रोड, सगळं शहरातल्या शहरात. लग्नसराईत किंवा सुट्टीत भाडं मिळालं तर शेगाव, वणी, त्र्यंबक. मी नोकरी करतो, गाडीवर ड्रायव्हर काका आहेत, बारा वर्षं ट्रक चालवलेला माणूस, एकदम विश्वासू.

जानेवारीत मीटरवर तो डब्यात ठिपके असल्यासारखा पिवळा लाईट आला. काकांनी दोन आठवडे सांगितलंच नाही, म्हणे गाडी तर चालतेय ना. मग इंजिनचा लाईट पण आला आणि एक दिवस आकाशवाणी चौकात गाडी उचलेचना, पाय पार खाली दाबला तरी आरपीएम २००० च्या वर जाईना, मागे एसटी हॉर्नवर हॉर्न, आत बारा पोरं ओरडतायत. सर्व्हिस सेंटरला नेली, त्यांनी लॅपटॉप लावून उभ्या गाडीत फोर्स रिजन मारलं, म्हणजे फिल्टर मुद्दाम तापवून काजळी जाळली, ३५०० घेतले, लाईट गेला. सव्वा महिन्याने परत. परत रिजन, परत पैसे. ह्यावेळी अकराव्या दिवशीच आला. आता म्हणतात फिल्टर मेला, नवीन टाका. कोटेशन १ लाख १८ हजार. वॉरंटी संपलेली.

अजिंठा चौफुलीला एक ओळखीचा गॅरेजवाला आहे. तो म्हणतो कशाला लाख घालवता, डबा उघडून आतली जाळी सळईने फोडतो, वरून वेल्डिंग, सॉफ्टवेअरमधून बंद करणारा माणूस आहे, १५ हजारात विषय खल्लास. दुसरा म्हणतो पेट्रोल भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी वॉशिंग सेंटरला प्रेशर मारा. मेव्हणा म्हणतो डिझेलमध्ये टाकायची बाटली मिळते ती टाक.

जूनच्या मध्याला शाळा सुरू होतात, महिनाभर हातात आहे. हा फिल्टर खरंच साफ होतो का? कोणी केलाय का आपल्याकडे?

निवांत_अमळनेर | १२ मे, रात्री ११:१५

सरळ काढून टाका दादा. माझ्या जुन्या जीपला असलं काही नव्हतंच, ३ लाख किलोमीटर पळाली. हे सगळे सर्व्हिस सेंटरवाल्यांचे धंदे.

एक_शंका | १२ मे, रात्री ११:३२

युरिया संपला असेल. बघा एकदा टाकी.

पाना_१७ | १३ मे, सकाळी ७:०५

युरियाचा काही संबंध नाही. तो एससीआर नावाच्या वेगळ्या यंत्रणेसाठी, धुरातले नायट्रोजन ऑक्साईड मारायला. त्याची टाकी वेगळी, लाईट वेगळा. इथे काजळीचा विषय आहे.

आणि निवांतभाऊ, तुमची जीप जुन्या नियमातली. १ एप्रिल २०२० पासून विकलेल्या बीएस६ डिझेलला काजळीची मर्यादाच अशी आहे की फिल्टरशिवाय ती जवळपास गाठताच येत नाही. ह्यांच्या गाडीचं सगळं ट्यूनिंग तो डबा आहे असं धरून केलंय. फोडला तर एक तर बेकायदेशीर, प्रदूषणाचा दंड २०१९ पासून १० हजारांपर्यंत आहे, आणि दुसरं म्हणजे शाळेची गाडी आहे. गेटवर पोरं नेमकी सायलेन्सरच्या उंचीला उभी असतात. एवढं बोलून तो विषय सोडतो.

आता व्हॅनवाले दादा. मी धुळ्यात डिझेलचंच काम करतो. तुमच्या पोस्टमधली मला खटकलेली गोष्ट म्हणजे सव्वा महिना आणि मग अकरा दिवस. नुसता फिल्टर भरला म्हणून इतक्या झपाट्याने होत नाही. कोणीतरी काजळी जास्त करतंय किंवा कोणीतरी ती जळू देत नाहीये. ते शोधल्याशिवाय नवीन फिल्टर टाकलात तर दिवाळीच्या आत तुमचे १ लाख १८ हजार परत त्याच डब्यात.

फिल्टर कसा चालतो ते समजून घ्या म्हणजे गॅरेजवाले फसवणार नाहीत. आत सिरॅमिकच्या बारीक बारीक नळ्या असतात, एक नळी पुढून बंद, शेजारची मागून बंद. धूर भिंतीतून पाझरून शेजारच्या नळीत जातो, काजळी भिंतीला राहते. हायवेला सायलेन्सर गरम राहतो तेव्हा ती थोडी थोडी आपोआप जळते. शहरात जळत नाही. मग ठराविक काजळी साचली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, उशिराने जास्तीचं डिझेल मारतो, ते फिल्टरच्या आधी असलेल्या कॅटॅलिस्टमध्ये जळतं, फिल्टर ६०० डिग्रीच्या आसपास तापतो आणि काजळी जळून जाते. ह्याला पंधरा-वीस मिनिटं सलग चालती गाडी लागते. मधेच बंद केली की अर्धवट.

काजळी जळते, राख जळत नाही. ही राख इंजिन ऑइलमधली असते. घरी पाणी तापवायचा बंब बघितलाय ना, कितीही चांगला पेटवा, खालची राख कोणी काढलीच नाही तर एक दिवस धूर मागे फिरतो. तसंच. फोर्स रिजन म्हणजे बंब जोरात पेटवणं. राख काढायची तर डबा गाडीवरून खाली घ्यावाच लागतो, आणि बाटलीने राख जात नाही. बाटली वाईट नाही, काही बाटल्यांमुळे काजळी जरा कमी तापमानाला पेटते, पण ती फिल्टर थोडा भरलेला असताना. गाडी उचलेनाशी झाल्यावर बाटली म्हणजे पाण्यात पैसे.

मला एवढं कळवा. स्कॅनरला कोड कोणते आले? पी २४६३ म्हणजे काजळी जास्त, पी २४२एफ म्हणजे राख, पी २४५२ आणि २४५३ म्हणजे प्रेशर सेन्सरची भानगड. दुसरं, चावी ऑन आणि इंजिन बंद ठेवून फिल्टरच्या प्रेशर सेन्सरचं रीडिंग बघायला सांगा, ते शून्यच पाहिजे. इंजिन बंद असताना पण काही दाखवत असेल तर सेन्सर खोटं बोलतोय, फिल्टरला शिव्या देऊ नका. तिसरं, डिपस्टिक काढून ऑइलची पातळी बघा आणि वास घ्या. चौथं, ऑइल कोणतं टाकता ते डब्यावरचं वाचून सांगा. अंदाजे नको. पाचवं, टाकीत डिझेल किती ठेवता. आणि काकांना विचारा की गाडीचा पंखा कधी विनाकारण जोरात लागतो का, आणि लागला की ते काय करतात.

शिरपूर_सेंधवा_लाईन | १३ मे, सकाळी ९:२०

माले बी हाऊच तरास व्हता भो, म्हणून लिहितो.

माझी पण बीएस६ व्हॅन, धुळे-शिरपूर-सेंधवा रोज, भाडं असलं की इंदूर. १ लाख ८० हजार झाले, डीपीएफचा लाईट आजवर दोनदाच पाहिला आणि दोन्ही वेळेस गाडी महिना महिना गावातच होती. एकदा आईचं ऑपरेशन होतं तेव्हा हॉस्पिटल-घर-हॉस्पिटल, आणि एकदा लॉकडाऊनमध्ये. लाईट आला तसा मी टाकी भरली आणि शिरपूरकडे निघालो, तिसरा-चौथा गिअर, २२००-२५०० आरपीएम धरून, पाय उचलायचा नाही. वीसेक मिनिटांत लाईट गेला. पुढे गेलोच होतो म्हणून ढाब्यावर शेवभाजी हाणली आणि परत. तेवढाच खर्च.

जळगाववाल्यांनी एरंडोलपर्यंत जाऊन यायचं, हायवे आता चांगला झालाय. पण एक सांगतो, लाईट नुसता पेटलेला असला तरच हे करा. लुकलुकतोय किंवा गाडी उचलत नाही म्हटल्यावर रेसिंग करू नका, तेव्हा जास्त तापून जाळीच वितळते.

केळीवाला_रावेर | १३ मे, दुपारी १:४८

रिजनवरून आठवलं, हे सगळ्यांनी वाचा, विशेषतः आपल्या भागातल्यांनी.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आमचा पिकअप, तोच लाईट. पोरगा यूट्यूब बघून एक स्कॅनर घेऊन आला आणि म्हणाला उभ्या गाडीत रिजन मारतो. गाडी बांधावर लावली, खाली केळीची वाळलेली पानं आणि बाजूला पऱ्हाटीचा ढीग, चुलीसाठी ठेवलेला. दुपारची वेळ, रावेरची एप्रिलची दुपार कशी असते ते सांगायला नको. रिजन सुरू झालं, आरपीएम आपोआप वर गेला, आम्ही लिंबाखाली बसलो गप्पा मारत. दहा-बारा मिनिटांनी बायको घरातून ओरडली की धूर निघतोय. मी म्हटलं काजळी जळतेय, निघणारच. ती म्हणाली गाडीच्या मागून नाही, गाडीच्या खालून निघतोय.

सायलेन्सरच्या खाली पान पेटलेलं. हातभर लांबच पऱ्हाटी. ठिबकची नळी तोडून पाणी मारलं आधी पानांवर, आणि नशीब की घाईत सायलेन्सरवर नाही मारलं, तापलेल्या डब्यावर गार पाणी पडलं असतं तर आतली जाळी तडकली असती. गाडी वाचली, पऱ्हाटी वाचली, दीडशे फूट ठिबक गेली आणि बायकोचं ऐकून घेतलं ते वेगळंच, अजून ऐकतोय.

तर उभ्या गाडीत रिजन मारायचं तर कोबा किंवा डांबर, खाली काही नको, आजूबाजूला काही नको, आणि गाडी सोडून जायचं नाही. जिनिंगच्या आवारात, गव्हाच्या काढलेल्या शेतात, कडब्याच्या गंजीजवळ तर अजिबात नाही. लाईट आलेला असताना चालवून नुसती अशा ठिकाणी उभी करू नका, रिजन मधेच चालू असलं तर खालचं तेवढंच तापलेलं असतं.

हातचं_गेलं | १३ मे, रात्री ८:३०

प्रेशर वॉशरवाल्याचं ऐकू नका म्हणून सांगायला आलोय. मी ऐकलं.

चाळीसगावला माझी गाडी होती, विकली आता. डबा काढला, पेट्रोल भरून रात्रभर ठेवला, सकाळी वॉशिंग सेंटरवर पोराला सांगितलं की मार जोरात. काळं पाणी निघालं, अर्धा तास निघतच राहिलं, मी खूश, व्हिडिओ पण काढला. मग उलटा करून हलवला तर आतून आवाज. भुईमुगाची वाळलेली शेंग कानाशी हलवतो ना, तसा खडखड. जाळीचा पुढचा भाग फुटला होता.

तरी बसवला. गाडी अशी पळाली की काय सांगू, लाईट नाही काही नाही. पळणारच, आत अडवायला कोणी राहिलंच नव्हतं. पंधरा दिवसांनी पी २००२ आला, म्हणजे फिल्टर काम करत नाही. चांगला फिल्टर असला की सायलेन्सरच्या नळीत आतून बोट फिरवा, बोट जवळपास स्वच्छ निघतं. माझं काजळ घातल्यासारखं निघालं. जुनी गाडी घेताना पण हे बघत जा, फुकटची टेस्ट आहे.

आणि पेट्रोल भरलेला डबा रात्रभर घरात ठेवला होता मी. आता विचार केला तरी घाम फुटतो.

व्हॅनवाला_जळगाव | १४ मे, रात्री ११:०५

पानादादा, सगळं तपासलं. खरं सांगू का, लाज वाटतेय.

कोड पी २४६३ आणि पी २४२एफ दोन्ही. इंजिन बंद असताना प्रेशर शून्य, म्हणजे सेन्सर बरोबर. चालू करून २५०० ला रेस केली तर २१ किलोपास्कल.

डिपस्टिक काढली तर ऑइल मॅक्सच्या खुणेच्या वर बोटभर! मी काकांना म्हटलं तुम्ही टाकलं का, ते म्हणे नाही, आपोआप वाढतंय, मला वाटलं चांगलंच आहे. वास घेतला तर सरळ डिझेल.

ऑइल. डिसेंबरमध्ये सर्व्हिसिंग बाहेर केली होती पैसे वाचवायला. त्या दुकानात ड्रममधून दिलेलं. डबाच नाही तर वाचू काय.

डिझेल. काका रोज ५०० चं टाकतात, कारण मी रोज ५०० देतो. काटा कायम रिझर्व्हवर.

आणि पंखा. हे ऐका. काका म्हणाले हो ना, पंखा लागतो, ट्रॅक्टरसारखा आवाज करतो, आरपीएम पण थोडा चढतो, जळका वास येतो. मग तुम्ही काय करता? "लगेच बंद करतो ना. एवढ्या उन्हात गाडी तापली तर इंजिन बसेल." बारा वर्षं जुना ट्रक चालवलेला माणूस, ४५ डिग्रीतला भुसावळ रोड, त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे! मी तरी कुठे सांगितलं होतं. शिवाय दुपारी शाळा सुटेपर्यंत चाळीस मिनिटं गेटवर एसी चालू ठेवून उभे राहतात, पोरांना थंड गाडी मिळावी म्हणून.

पाना_१७ | १५ मे, सकाळी ६:५०

लाज कसली, दहातल्या सात गाड्यांची हीच गोष्ट आहे.

गाडीने प्रत्येक वेळी काजळी जाळायला घेतली आणि काकांनी प्रत्येक वेळी विझवली. पंखा, चढलेला आरपीएम, जळका वास, हे रिजन चालू असल्याचं लक्षण, तापल्याचं नाही. तापली का ते टेंपरेचरच्या काट्यावर बघायचं. जाळण्यासाठी मारलेलं डिझेल अर्धवट राहून सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरलं, म्हणून पातळी वाढली. ही सगळ्यात डेंजर गोष्ट आहे, फिल्टर गेला तर लाख, पातळ ऑइलने बेअरिंग किंवा टर्बो गेला तर त्याहून जास्त. आजपासून गाडी चालवू नका ऑइल बदलेपर्यंत. रिझर्व्हला काटा असला की बऱ्याच गाड्या रिजन सुरूच करत नाहीत, तो तिसरा घोळ.

ऑइल बीएस६ साठीचं, डब्यावर सी३ ग्रेड किंवा तुमच्या मॅन्युअलमध्ये जे असेल ते. सी३ मध्ये राखेचं प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के असतं, जुन्या ए३/बी४ ग्रेडमध्ये १.६ टक्क्यापर्यंत चालतं. ड्रमवाल्यात काय होतं ते देव जाणे.

पण २१ खूप आहे, आणि एवढ्याने मला समाधान नाही. इंटरकूलरचे (टर्बोची हवा गार करून इंजिनला देणारा) होज बघा खालून. हवा कमी गेली की काजळी वाढते. मग फिल्टर खाली घ्या आणि ओव्हनवाल्याकडे द्या. पुढून-मागून हवा मारून राख काढणं, भट्टीत तापवणं, परत हवा, आधी आणि नंतर वजन. वजन करून न देणाऱ्याकडे देऊ नका. पाण्याने करणारे पण चांगले आहेत, पण पूर्ण वाळवून देतात का ते विचारा.

व्हॅनवाला_जळगाव | ८ जून, रात्री ९:५०

उशीर झाला, पण अपडेट देतो, कारण मी स्वतः असे धागे वाचताना शेवटी "झालं काम, धन्यवाद" एवढंच लिहून गायब होणाऱ्यांना खूप शिव्या दिल्यात.

होज. पानादादा, तुम्हाला साष्टांग. इंटरकूलरकडे जाणारा खालचा होज, वरून एकदम नवा, हात फिरवला तर खालच्या बाजूला क्लॅम्पच्या कडेला बोटाचं पेर जाईल एवढी फाट. उभ्या गाडीत दिसतच नव्हती, मिस्त्रीने रेस करायला लावली तेव्हा फाट ओठासारखी उघडली आणि फुस्स आवाज. आजूबाजूला सगळं तेलकट काळं, तिथेच धूळ चिकटून बसलेली, म्हणजे बऱ्याच दिवसांचं आहे. सर्व्हिस सेंटरने दोनदा ३५०० घेतले, होजवर कोणी हात फिरवला नाही. होज २२०० रुपयाचा!

मग फिल्टर काढायचा कार्यक्रम. काढायला कोणी सांगतं तसं सोपं नसतं. नट गंजलेले, रात्रभर गंजाचं तेल मारून ठेवलं, तरी दोन स्टड तुटले आणि एक तापमानाचा सेन्सर निघता निघता गेला. तो धरूनच चला बजेटमध्ये. आपल्याकडे ओव्हनवाला मला सापडला नाही, नाशिकला अंबड एमआयडीसीच्या बाजूला मिळाला, डबा गोणपाटात गुंडाळून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पाठवला. बसवाला म्हणे आत काय, मी म्हटलं सायलेन्सर, तो म्हणे चोरीचा नाही ना.

चार दिवसांनी आला, सोबत वजनाची चिठ्ठी. १४० ग्रॅम कमी. एवढंच! मी फोन करून विचारलं की १४० ग्रॅमच? तो म्हणाला दादा, राख हलकी असते, जागा खाते, आणि निघालेली राख पुडीत बांधून पाठवलीय, बघा. पुडी उघडली तर करड्या रंगाची, टाल्कम पावडरसारखी मऊ, काळी नाहीच. दोन ओंजळी असेल. ह्या दोन ओंजळी राखेसाठी मला १ लाख १८ हजार सांगितले होते.

बसवताना नवीन गॅस्केट, आणि मिस्त्रीने स्कॅनरवरून राखेचा आकडा शून्य केला. हे विसरू नका म्हणाला, नाहीतर गाडीला वाटतं फिल्टर अजून भरलेलाच आहे. ऑइल-फिल्टर बदललं, सी३, सीलबंद डबा. आता २५०० ला ५ किलोपास्कल. सफाई ११ हजार, होज, सेन्सर, स्टड, ऑइल, मजुरी सगळं धरून २९ हजाराच्या आत-बाहेर. मेव्हण्याने आणलेली बाटली कपाटात आहे, कोणाला हवी असेल तर घेऊन जा.

परवा काकांना शेजारी बसवून एरंडोलला गेलो. पाळधीच्या पुढे पंखा लागला, वास आला, काकांचा हात सवयीने चावीकडे. मी म्हटलं काका, राहू द्या, काटा बघा. काटा मध्यभागी, हलत नाही. सतरा मिनिटं झाली आणि पंखा आपोआप बंद. काका बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणे, "म्हणजे इतके दिवस ती जेवायला बसायची आणि मी ताट ओढायचो."

एक प्रश्न राहिला. शाळा सुरू झाल्यावर दर आठवड्याला एक एरंडोल फेरी पुरेल का? आणि गेटवर एसी बंद ठेवायचं तर पालकांना काय सांगू?

शिरपूर_सेंधवा_लाईन | ८ जून, रात्री १०:१०

काका भारी शेतस.

पाना_१७ | ९ जून, सकाळी ७:१५

आठवड्याला एक पुरेल, पण वार ठरवून जाऊ नका. पंखा लागला की जा. रिजन गाडी ठरवते, कॅलेंडर नाही. मुलं गाडीत असतील तर नेहमीचाच रूट चालवा, फक्त मधे बंद करू नका, मुलं उतरली की रिकामी गाडी हायवेला काढा. अर्धी टाकी कायम.

गेटवर एसी बंद, झाडाखाली लावा, शाळा सुटायच्या पाच मिनिटं आधी चालू करा, तेवढ्यात गार होते. आणि १००० किलोमीटरला डिपस्टिक बघून इथे पातळी लिहा. वाढली असेल तर इंजेक्टर बघावे लागतील.

व्हॅनवाला_जळगाव | ९ जून, सकाळी ७:४०

लिहितो. काकांनी डिपस्टिकवर दोऱ्याची गाठ मारून ठेवलीय आजच्या पातळीला, मी काही म्हणालो नाही.

पाना_१७ | ९ जून, सकाळी ७:४४

दोरा काढा आधी. ऑइलमध्ये पडला तर खालच्या ऑइल सम्पच्या जाळीत जाऊन बसेल.